ओढ्यावरचा रस्ता

पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले मुकादम अंधारात पंपघराच्या पायरीवर नव्या पोरांना सांगत होते, "माझ्याच हाताखालचा फिटर. आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. पटलं तर ऐका, नाहीतर झोपा जाऊन."

सतरा मेची रात्र, एक वाजून दहा मिनिटं. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला आणि दुसरं कानाला लावून कानसेन जमिनीखालची गळती शोधत होता. हे काम रात्रीच जमतं. दिवसा रहदारी काही ऐकू देत नाही. कुठेतरी मोठा नळ फुटला होता आणि टेकाडावरच्या दवाखान्याची टाकी कोरडी पडली होती. तिथे त्याची लेक बाळंतपणात अडली होती.

जावयाचा फोन आला. "मामा, पाचपर्यंत पाणी आलं नाही तर इथे ऑपरेशन होणार नाही म्हणतात. आणि दुसरीकडे हलवलं तर..."

"तर काय?"

जावयाने फोन ठेवला.

सळईतून खळखळ ऐकू आली. त्याने आणि त्याच्या जोडीदाराने खणलं. माती कोरडी. दहा पावलं पुढे पुन्हा तीच खळखळ. पुन्हा कोरडी माती.

"कानसेन, मळ काढ रे कानातला," जोडीदार म्हणाला आणि त्याने स्वतः सळईला कान लावला. मग त्याने सळई झटकन सोडली.

कारण तिथे नळ नव्हताच. तिथे पूर्वी ओढा होता. एकोणीस वर्षांपूर्वी तो बुजवून हा रस्ता झाला. भरावाचा शेवटचा डंपर याच दोघांनी उभं राहून रिकामा करून घेतला होता.

तीन वाजले. आवाज आता सगळीकडून येत होता. कानसेन गुडघ्यांवर बसला.

"मीच बुजवलं तुला," तो रस्त्याला म्हणाला. "मला ने. तिचं काय त्यात..."

आवाज थांबला.

एकदम.

आणि त्या शांततेत, डावीकडे, बारीकशी सुरसुर... खरी गळती. इतका वेळ खळखळीने झाकलेली. चारच्या आत फुटक्या नळावर पट्टा आवळला. पावणेपाचला टाकीत पाणी पडलं.

"लेक वाचली?" एका पोराने विचारलं.

"वाचली. नातू झाला." "पोराची उजवी मूठ मात्र उघडेना. नर्सने हलकेच बोट घालून उघडली..."

पोरं पुढे सरकली.

"आत ओली वाळू होती. आणि तिळाएवढी गोगलगाय. ओढ्यात असायची, तसली. जिवंत."