ओल्या पट्टीचा माग

"पट्टी परत ओली!" आई जवळजवळ किंचाळलीच.

आजोबा पलंगावर पाय पसरून छताकडे बघत होते, जणू तो पाय शेजाऱ्यांचा होता! ते बर्फाच्या कारखान्यातले मिस्त्री. तीन आठवड्यांपूर्वी बर्फाची लादी निसटून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडली, तेव्हापासून ते रजेवर होते. त्यात साखरेचा आजार, त्यात हा भाजून काढणारा उन्हाळा. जखम भरायचं नावच घेत नव्हती.

डॉक्टरबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "जखम कोरडी राहिलीच पाहिजे! सुती, सैल पट्टी बांधा. घामाने ओली झाली की लगेच बदला. पाय उशीवर ठेवा. शनिवारपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

आज मंगळवार होता.

"घाम गं, दुसरं काय!" आजोबा म्हणाले.

आई पुटपुटत नवी पट्टी आणायला गेली, तशी कॅप्टनने डोळ्यांनी खूण केली. कॅप्टन म्हणजे तेरा वर्षांची थोरली नात. तिच्या फौजेत दोनच शिपाई होते. एक सुट्टीला आलेला आतेभाऊ, सगळ्यांचा 'वकील', कारण तो 'सूर्य उगवला' या वाक्यावरही हरकत घ्यायचा! दुसरा तिचा आठ वर्षांचा भाऊ शेंगदाणा. तिघं जिन्यात जमली.

"दोरीवरचे टॉवेल दहा मिनिटांत कडक वाळतात," कॅप्टन कुजबुजली, "आणि पट्टी तेवढी रोज संध्याकाळी ओलीचिंब?"

"हरकत आहे!" वकील म्हणाला. "घाम वाळला की पांढरे डाग पडतात. आजोबांच्या चपलेवर बघ, पडलेत."

"काठीवर पण पडलेत!" शेंगदाणा म्हणाला. आजोबांच्या काठीचा घोडा करून तो जिन्यात दौडत होता. त्याने काठीच्या टोकावरची पांढरी पूड नखाने खरवडली आणि कुणी नको म्हणायच्या आत चाटलीसुद्धा! "शी! मीठ!"

कॅप्टनने काठी हिसकावली. खालच्या रबरी टोपणावर चार बोटं उंचीपर्यंत मीठ जमलं होतं.

"वकीलसाहेब, काठीला घाम येतो का?"

वकिलाने आयुष्यात पहिल्यांदाच हरकत मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आजोबांनी खोलीची कडी लावून घेतली. "झोपतोय. कुणी उठवू नका!"

तिघं मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसली. टाकीचा पत्रा तव्यासारखा तापला होता. अर्ध्या तासाने आजोबांच्या खोलीचं मागचं दार हळूच किरकिरलं. डोक्यावर टोपी, हातात काठी, आजोबा लंगडत बाहेर पडले!

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. मुलं एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पळत मागे निघाली. एकदा आजोबा थांबून वळले, तेव्हा तिघं एका उभ्या टेम्पोमागे श्वास रोखून चिकटली. मग आजोबा पुन्हा चालू लागले, ते थेट बर्फाच्या कारखान्यात! मॅनेजरांनी स्वतः फाटक उघडून त्यांना घाईने आत ओढलं.

"अरे देवा!" वकील म्हणाला. "बर्फाचे साचे मिठाच्या पाण्यात बुडवतात! आजोबांनीच सांगितलं होतं मला!"

कॅप्टनने फाटक धडाधड वाजवलं आणि ते उघडताच आजोबांबद्दल विचारलं.

"मिस्त्री? ते तर रजेवर आहेत! पळा इथून!" मॅनेजर खेकसले.

"मग ती टोपी काय एकटीच चालत आली?" कॅप्टनने त्यांच्यामागच्या खुंटीकडे बोट दाखवलं. मॅनेजरांनी मागे वळून पाहिलं आणि तेवढ्यात शेंगदाणा त्यांच्या हाताखालून सटकला! त्याच्यामागे बाकीची दोघं.

आत मशीन खोकल्यासारखं अडखळत धडधडत होतं. टाकीतून सांडलेलं खारं पाणी फरशीवर घोटाभर साचलं होतं आणि त्यात आजोबा उभे होते. पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली!

"आजोबा!"

"ओरडू नका! मशीन तापलंय. आणि पिशवी आहे ना, पाणी लागत नाही."

"आतून घाम, वरून पाणी! बघा तरी!" कॅप्टन म्हणाली. पिशवी फुगली होती आणि आत पाणी डुचमळत होतं.

"दोन मिनिटांचं काम आहे," मॅनेजर मागून धापा टाकत म्हणाले. "मिस्त्रींशिवाय हे कुणाला जमत नाही."

"शनिवारी त्यांचा अंगठा काढतील!" कॅप्टनचा आवाज फाटला.

मॅनेजर आजोबांकडे वळले. "मिस्त्री, मला तर तुम्ही हे सांगितलंच नाही!" रोज ती पट्टी समोर दिसत होती, पण त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

मशीनचा खोकला वाढला. आजोबांनी काठीकडे हात नेला. कॅप्टनने कठड्याला टेकवलेली काठी झटकन उचलली.

"काठी दे!"

"नाही! आमच्या खांद्यांवर हात ठेवा आणि त्या खोक्यावर बसा. तिथून सांगा. काम हे दादा करतील."

कोपऱ्यात उभा असलेला नवा ऑपरेटर दचकला. "मला मशीनला कधी हात लावूच दिला नाही," तो पुटपुटला.

काठीशिवाय पाऊल टाकणं शक्य नव्हतं. आजोबा चडफडत खोक्यावर टेकले. वकिलाने पिशवी सोडून पाय दुसऱ्या खोक्यावर ठेवला.

"डावीकडचं चाक," आजोबा म्हणाले. "हळू! अर्धाच फेरा. थांब. आता ऐक."

मशीन घुसमटलं. बंद पडणार! शेंगदाण्याने डोळे घट्ट मिटले. आणि मग एकसारखा, शांत ठोका सुरू झाला. ऑपरेटर स्वतःच्या हातांकडे बघत हसू लागला. आजोबांचे डोळे मात्र भरून आले होते. "मला वाटायचं, मी नसलो तर हे बंदच पडेल," ते म्हणाले.

घरी आईने आधी पाय पुसून कोरडा केला, नवी पट्टी बांधली आणि मग अर्धा तास आजोबांची खरडपट्टी काढली! पुढचे तीन दिवस फौजेने दर तासाला पट्टी तपासली. ऑपरेटरच्या शंकांची उत्तरं आजोबांनी पलंगावरून फोनवर दिली.

शनिवारी दवाखान्यात डॉक्टरबाई पट्टी सोडू लागल्या. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून बघितलं.

"कड कोरडी आहे. नवं गुलाबी मांस धरतंय. अंगठा काढायची आता गरज नाही. केलंत काय?"

आजोबांनी तिघांना पुढे ढकललं. सगळी हकिगत ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषध मी दिलं होतं, पण आजार शोधला तुम्ही. शाबास!"

"खरंय," आजोबा म्हणाले आणि तिघांना एकदमच मिठीत ओढलं. "ही कार्टी नसती, तर आज मी नऊ बोटांनी घरी गेलो असतो."