केशपंचांग

डॉ. वत्सला कारखानीस यांच्या समोरच्या पडद्यावर एक्केचाळीस पट्ट्या होत्या, कुरवडे गावातल्या एक्केचाळीस बायकांच्या केसांच्या, मुळाजवळच्या बारा सेंटिमीटरांच्या. चाळीस पट्ट्या टोकापासून मुळापर्यंत तांबड्या होत्या. सातवीच्या मधोमध चार सेंटिमीटरचा निळा तुकडा होता.

"ही पट्टी अहवालात छापायला नको होती," इद्रीस मुकादम म्हणाला. तो संस्थेचा संख्याशास्त्रज्ञ. रसायनाशी त्याचा संबंध आकड्यांपुरता.

"नाव कुठे छापलंय? क्रमांक सात, एवढंच."

"मॅडम, मला परत सांगा. शाळेतल्या मुलाला सांगतात तसं."

वत्सलाबाईंनी चष्मा काढला. या तंत्राला 'केशपंचांग' हे नाव त्यांनीच दिलं होतं, आणि ते समजावून सांगायला त्यांना एरवी आवडायचं.

"केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्या महिन्यात जे पाणी पोटात गेलं, त्याची खूण त्या सेंटिमीटरात राहते. धरणाच्या पाण्यात आणि खाडीकाठच्या विहिरीच्या पाण्यात जड नि हलक्या अणूंचं प्रमाण वेगळं असतं. शिवाय कुरवड्याच्या विहिरींत शेजारच्या रसायन कंपनीचं क्रोमियम. म्हणून सगळं गाव तांबडं."

"आणि सातवी?"

"फेब्रुवारी ते मे धरणाचं पाणी प्यायली. ते पाणी तिथे फक्त कंपनीच्या गेस्टहाऊसला येतं." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला.

इद्रीसने छापील अहवाल उघडून त्यांच्यापुढे सरकवला. पान तीस. 'फेब्रुवारी ते मे या काळात गेस्टहाऊसमध्ये सफाईचं काम केलेल्या एका स्त्रीने टँकरमधलं सांडपाणी मागच्या बोअरवेलमध्ये सोडलं जाताना पाहिलं.'

ती स्त्री म्हणजे सुगंधा पाष्टे. सोमवारी चौकशी आयोगापुढे तिची साक्ष होती, तोवर तिचं नाव गुप्त राहायचं होतं. आठ गावांतल्या बायका तिथे आळीपाळीने राबत, आणि ठेकेदार कुणाचंच खरं नाव हजेरीत लिहीत नसे. त्याच्या त्या लबाडीनेच सुगंधाला आजवर झाकलं होतं. शेजारच्या तालुक्यात तक्रार करणारे मास्तर गेल्या वर्षी डंपरखाली सापडले होते. नोंद अपघाताची झाली.

"पण जुळवायला कंपनीवाल्यांना केस हवेत ना?" इद्रीस म्हणाला. "गावात जाऊन बायकांच्या वेण्या थोड्याच कापणार?"

वत्सलाबाईंनी अहवाल मिटला. तीन आठवड्यांपूर्वी एका खाजगी प्रयोगशाळेचं पत्र आलं होतं. कापलेल्या केसांऐवजी गळालेल्या केसांवर ही पद्धत चालेल का? त्यांनी आनंदाने चार पानी उत्तर पाठवलं होतं. गळालेला केस अधिक चांगला, त्याला मुळाची गाठ असते, तिथून महिने मोजता येतात. चाळीस वर्षं त्यांनी कुणालाही ज्ञान नाकारलं नव्हतं.

त्यांना आई आठवली. दुपारी मागच्या दारात केस विंचरायची, फणीतलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायची आणि दाराच्या चौकटीमागच्या फटीत खोचून ठेवायची. महिन्याकाठी केसवाली यायची. मूठभर गुंतवळावर सुया, बिब्बे, कधी ॲल्युमिनियमची वाटी. वाटी मिळाली की आई दिवसभर खुशीत असे.

"इद्रीस," त्या म्हणाल्या, "गावात केसवाली आली होती का, विचारायला हवं."

त्यांनी सुगंधाचा नंबर फिरवला. तोवर इद्रीसने कपाटातून लाखेने बंद केलेला, क्रमांकांपुढच्या नावांचा लिफाफा काढला. नियमाप्रमाणे दोघांनी सह्या केल्या आणि तो फोडला.

"बोला ताई," सुगंधाचा आवाज आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"सुगंधा, गावात कुणी गुंतवळ घ्यायला आलं होतं?"

"आलेला ना, गाडी घेऊन. मूठभर केसांवर स्टीलची कढई दिलीन. येडाच होता. घराघराची पिशवी वेगळी करून वर चिठ्ठी लावत होता."

"तू दिलेस?"

"माझे पांढरे कोण घेतंय? पोरीचे दिले. दीक्षाचे गुडघ्यापर्यंत आहेत, तुम्ही बघितलेत."

वत्सलाबाईंनी सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात इद्रीसने यादी त्यांच्यासमोर धरली. आठ, सुगंधा पाष्टे. सात, दीक्षा पाष्टे.

आठवी पट्टी टोकापासून मुळापर्यंत तांबडी होती.

"सुगंधा, गेस्टहाऊसवर होतीस तेव्हा तू तिथलं पाणी पीत नव्हतीस?"

"रागावू नका ताई. कामवालीला दिवसाला एक कॅन मिळायचा. मी तसाच घरी आणायचे. आपलं काय, आयुष्य गेलं त्या विहिरीवर. पोरगी तरी चार महिने चांगलं पाणी पिऊ दे म्हटलं."

केसांनी खोटं सांगितलं नव्हतं. कुणी पाणी प्यायलं ते सांगितलं होतं, कुणी काय पाहिलं ते नव्हे. वाचणाऱ्यांनीच दोन्ही एक धरलं होतं. आधी वत्सलाबाईंनी, आणि त्यांचंच चार पानी उत्तर पुढ्यात ठेवून कंपनीच्या माणसांनी.

"दीक्षाला फोन दे," त्या म्हणाल्या. "नाही, ऐक. तिला घे आणि आत्ता निघ. इद्रीस गाडी पाठवतोय."

"ती नाय ना घरात." सुगंधाच्या आवाजात हसू होतं. "तेच सांगायला तुम्हाला फोन लावणार होते. सकाळी कंपनीची गाडी आलेली, ऑफिसात लावतायत तिला. दोन साहेब उतरून दारापर्यंत आले, नाव विचारून घेऊन गेले. तिचा फोन मघापासून बंद लागतोय, पण मिटिंगमध्ये असेल."

इद्रीस पोलिसांचा नंबर लावत होता.

"विहिरीचं पाणी बाटलीत भरून देत होते," सुगंधा सांगत होती, "तर म्हणाली, नको आई. तिथलं पाणी चांगलं असतं."