बाविसावं नाव

"टेंभुरखेडीत भानामती सुरू आहे. शुक्रवारी एका विधवेला डागणार. मी पोलीस पाटील असून माझं कोणी ऐकत नाही. असाल तशा या. — पुंडलिकराव."

एसटीच्या कंडक्टरनं ही चिठ्ठी यवतमाळला विमलताईंच्या हातात दिली, तो बुधवार होता. १९६१ सालचा जानेवारी. ताईंनी दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि उमरखेडची गाडी गाठली.

मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता अकरा वर्षं त्या भुतांच्या मागावर होत्या. कुठं अंगणात दगड पडत, कुठं अन्नात बिब्बे निघत. ताई जाऊन बसत, विचारत, पाहत, आणि घरी येऊन लिहून काढत. त्यातूनच 'करणीची उकल' हे त्यांचं पुस्तक झालं. या अकरा वर्षांत भूत एकही भेटलं नव्हतं. माणसं मात्र पुष्कळ भेटली होती, आणि त्यांचीच ताईंना भीती वाटे.

गुरुवारी सकाळी ढाणकीच्या फाट्यावर पुंडलिकराव छकडा घेऊन उभे होते. रस्ताभर ताई विचारत राहिल्या.

"किती आगी लागल्या?"

"चार. पंधरा दिवसांत. एका घरी गोधडी, एका घरी वाळत घातलेलं धोतर, मंग तुळसाबाईच्या घरची पेटी, अन् परवा माह्या गोठ्यातला कडबा."

"वेळ?"

"सकाळची. शाळेची घंटा झाली की मागोमाग."

"आणि डागणार कोणाला?"

"हंसाबाईले. तुळसाबाईची सून. दोन वर्षांखाली नवरा तापानं गेला तिचा. मांत्रिक म्हणते तिची नजर पेटते. उद्या चावडीवर विळा लाल करून कपाळावर देणार, अन् गावाबाहेर काढणार."

"सासू काय म्हणते?"

पुंडलिकरावांनी बैलांकडे पाहिलं. "मांत्रिकाले तिनंच बलावलं."

हंसाबाईला तुळसाबाईच्याच गोठ्यात कोंडलं होतं. विशी-बाविशीची पोर, ओठ वाळलेले. ताई तिच्याजवळ मातीतच बसल्या.

"खरं सांग. पेटी तू पेटवलीस?"

"मी कायले पेटवू बाई? त्याच्यात माह्या घरवाल्याचा फोटो होता. लहानपणचा. तेवढा एकच होता."

जळकी पेटी ओसरीवर होती. ताईंनी झाकण उघडलं. वरचं लुगडं एका कडेला जळलं होतं, बाकीचं शाबूत. तळाशी मात्र तसबिरीची पुरती राख, आणि काचेचे तडकलेले तुकडे. पेटीच्या पत्र्यावर तपकिरी डाग होते. ताईंनी बोट फिरवलं. आग तळातून वर आली होती.

तुळसाबाई दारात उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"माह्या मारोतीचं तोंड जाळलं तिनं!"

"फोटो कसला होता, आई?"

"सातवीचा. स्वातंत्र्य भेटलं त्या सालचा, उमरखेडच्या शाळेतला. पोरं अन् खाली नावं. बावीस पोरं."

"तुम्हाला वाचता येतं?"

"मले काय येते! पण डोकी मोजता येतात ना. रोज मोजत होतो मी. बावीस. माहा मारोती मधात."

"नावं कोणी वाचून दाखवली कधी?"

"गुरुजीनं दाखवली. मी म्हटलं, हा फोटो सव्वीस जानेवारीले शाळेत लावा, मोठे साहेब येतात, पाहतील. तवा गुरुजीनं एकएक नाव वाचलं. मी बोटावर मोजली. एकवीसच भरली. म्हटलं, मीच चुकलो असन."

"आग लागली त्या सकाळी घरात कोण आलं होतं?"

"कोणीच नाही. परकं कोणी नाही. गुरुजी तेवढे आलते, तसबिरीचं माप घ्याले. ते गेले, घंटा झाली, अन् धूर निघाला."

शाळा एका खोलीची होती. घनश्याम गुरुजी तिशीचे, बोलायला मऊ, पोरांचे लाडके. त्यांनी ताईंना स्वतःच्या हातानं पाणी दिलं. नखांच्या कडा तपकिरी दिसत होत्या.

"चारही वेळा मी वर्गात होतो, ताई. चाळीस पोरं साक्षीला आहेत."

"मी साक्ष कुठं मागितली?"

गुरुजी हसले. ताईंची नजर फळीवर गेली. तिथं एक कागदी पुडा होता, तोंड दुमडलेला.

"ते काय?"

"विहिरीत टाकायची लाल दवा. पटकीच्या भीतीनं सरकारनं दिलेली. अजून उघडली नाही."

"माझं पुस्तक कधी वाचलंत?"

"नाही हो. इथं पुस्तकं कुठून यायची?" त्यांनी पाण्याचा पेला परत घेतला. "हंसाबाईची दया येते. पण झोपलेली आग कोणाच्या हातानं जागी होईल, सांगता येत नाही."

ताई वहीत लिहीत होत्या. त्यांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी वही मिटली आणि पुंडलिकरावांना विचारलं, "उमरखेडला जायला गाडी किती वाजता?"

उमरखेडला फोटोचं दुकान तेव्हा एकच. मालक धर्मपाल. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फोटोंच्या निगेटिव्ह काचांच्या खोक्यांची रांग. आधीच्या मालकाकडं तो नोकर होता. मालक गेल्यावर दुकान त्यानं चालवलं आणि एकही जुनी काच फेकली नाही.

"सातवीचा वर्ग? साल?"

"सत्तेचाळीस."

तीन खोके उपसल्यावर त्यानं एक काच उजेडात धरली. ताईंनी पाहिली. उलटी काळीपांढरी पोरं, आणि खाली काचेवरच लिहिलेली नावं. त्यांनी डोकी मोजली. बावीस.

"सकाळच्या गाडीच्या आत छापून द्याल?"

"एका बाईचं कपाळ वाचणार असंल तर आताच बसतो," धर्मपाल म्हणाला.

शुक्रवारी ताई परतल्या तेव्हा चावडीवर गाव लोटलं होतं. शेणीचा विस्तव फुलला होता, त्यात विळा खुपसलेला. विस्तवाला फुंकर घालत तुळसाबाई बसली होती. हंसाबाईचे हात मागं बांधलेले. मांत्रिकानं विळ्याच्या मुठीला फडकं गुंडाळलं.

"थांबा!" ताई ओरडल्या. "दहा मिनिटं द्या मला. माझ्या बोलण्यात चूक निघाली तर मग मलाही डागा."

गर्दी हलली. पुंडलिकरावांनी मांत्रिकाचा हात धरला.

ताईंनी चौथऱ्यावर एक रिकामी पत्र्याची पेटी ठेवली. तीत जुनं फडकं टाकलं. पिशवीतून कागदाची लहानशी पुडी काढून फडक्याखाली सारली आणि झाकण लावलं. मग त्या दहा पावलं दूर जाऊन दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या.

"घनश्याम गुरुजी, तसबिरीतली नावं तुम्ही वाचलीत. किती होती?"

"आठवत नाही. वीसेक असतील."

"आईंनी एकवीस मोजली. डोकी बावीस. एक नाव तुम्ही गाळलंत. का?"

"नजरचूक झाली असेल."

"पेटीतलं लुगडं वाचलं आणि तळातली तसबीर राख झाली. म्हणजे आग तसबिरीलाच लावली होती. बाकीच्या तीन आगी गावाला भानामती वाटावी म्हणून. नुसता फोटो चोरीला गेला असता, तर आईंनी पहिलं तुमचंच नाव घेतलं असतं; माप घ्यायला तुम्हीच आला होता."

"मी वर्गात होतो!" गुरुजींचा आवाज चढला. "आग लागली तेव्हा मी तिथं नव्हतो!"

"मी तरी आता पेटीजवळ कुठं आहे?"

पेटीच्या फटीतून धूर निघाला. मग भस्सकन जाळ झाला. बाया किंचाळल्या. मांत्रिक मागं सरकला.

"ही लाल दवा," ताई म्हणाल्या, "आणि दुसरं एक औषध, त्याचं नाव मी इथं घेणार नाही. दोन्ही एकमेकांत मुरायला वेळ लागतो, थंडीत जास्तच. तेवढ्यात माणूस शाळेत जाऊन घंटा वाजवतो. न उघडलेल्या पुड्याचं तोंड चिकटवलेलं असतं; तुमच्या पुड्याचं दुमडलेलं होतं, गुरुजी. आणि ज्या दवेचे डाग तुमच्या नखांवर आहेत, तेच पेटीच्या पत्र्यावर आहेत."

पुढचं बोलणं ताईंना जड गेलं.

"ही युक्ती माझ्या पुस्तकात आहे. प्रकरणाचं नाव मीच ठेवलं, 'झोपलेली आग'. पुस्तक न वाचलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द काल आला. लोकांनी शहाणं व्हावं म्हणून मी ते छापलं, आणि त्यापायी या पोरीवर विळा तापला. ही माझीही चूक आहे. ते प्रकरण आता पुस्तकात राहणार नाही."

त्यांनी नवा फोटो काढून पुंडलिकरावांच्या हाती दिला. "शेवटच्या रांगेतलं कडेचं नाव वाचा."

पुंडलिकरावांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं. "घनश्याम गोविंद ठेंगे." मग मान वर केली. "हे तं गुरुजीचंच नाव."

"आता त्या जागी उभा असलेला मुलगा पाहा."

मुलाच्या काखेत कुबडी होती. एक पाय वाळलेला, गुडघ्यापासून लोंबता.

सगळे गुरुजींच्या दोन धड पायांकडे पाहत होते.

गुरुजी वळले, पण मागं माणसांची भिंत होती. त्यांचे खांदे खाली आले.

"चुलतभाऊ होता माझा. पुढच्याच वर्षी पटकीनं गेला. त्याचा दाखला घरात पडून होता. मी सातवीत दोनदा नापास... त्याच्या दाखल्यावर नोकरी धरली. चांगलं शिकवलं मी. विचारा पोरांना!"

"शिकवलंत," ताई म्हणाल्या. "दाखल्याचं एकवेळ समजलं असतं. पण ती बाई गोठ्यात उपाशी होती, आणि तुम्ही घंटा वाजवत होता."

पुंडलिकराव त्यांना दंडाला धरून घेऊन गेले. मांत्रिक केव्हा सटकला, कोणाला कळलं नाही.

ताईंनी हंसाबाईचे हात सोडले आणि फोटो तिला दिला. तिनं मधल्या रांगेतला एक चेहरा शोधला आणि अंगठ्यानं पुसला.

तुळसाबाई उठून जवळ आली. "चाल माय, घरी चाल."

"येतो," हंसाबाई म्हणाली. "पण विस्तव तुमी फुंकत होत्या, आत्याबाई. म्या पाह्यलं."

म्हातारी वळली. ती चावडीच्या रांजणाकडे गेली, लोटा भरून आणला आणि शेणींवर ओतला. वाफ उठली. दुसरा लोटा आणला, तिसरा आणला. हंसाबाई हलली नाही. शेवटची ठिणगी विझेपर्यंत ती तिथंच उभी राहिली, आणि मग फोटो पदराखाली घेऊन सासूच्या पुढं चालू लागली.