जुळलेलं रक्त

"मेधाताई, मला आज संध्याकाळच्या फ्लाइटनं नागपूरला पाठवतायत. स्पृहासकट. म्हणतात, ती प्रज्योतची नाही."

श्रावस्तीचा आवाज रडून झाल्यानंतरचा होता, कोरडा. मेधानं इथे आखातात, सीफमधल्या ऑफिसात, ऑडिटची फाईल मिटली आणि गाडीची किल्ली उचलली.

गुदैबियातल्या फ्लॅटच्या दारातच सूटकेस उभी होती. तान्ही स्पृहा आईच्या खांद्यावर झोपली होती. तिचे हातपाय सुजले, म्हणून हॉस्पिटलात नेलं, तर निदान झालं सिकल सेल. हा आजार मुलाला व्हायला आई आणि बाप दोघंही वाहक लागतात. श्रावस्ती वाहक होती आणि तिनं ते लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. तेव्हा नवऱ्याचं, प्रज्योतचं, रक्त इथल्याच एका क्लिनिकात तपासलं होतं. ते निर्दोष निघालं होतं.

"आम्ही पत्रिका पाहत नाही, रक्त पाहतो," कुसुमबाई, प्रज्योतची आई, म्हणाल्या. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्त होता. "एकच वाहक असला तर पोरं सुखरूप, असं डॉक्टर म्हणाला, म्हणून होकार दिला. रक्तगटही दोघांचा ओ. आता पोरीचा निघाला बी. दोन ओच्या घरी बी येते काय? तू शिकलेली आहेस, तूच सांग."

"येत नाही, काकू."

श्रावस्तीनं चमकून मेधाकडे पाहिलं. प्रज्योत खिडकीशी उभा होता. बाह्या दुमडलेल्या, हातावर निळं धम्मचक्र गोंदलेलं.

मेधाचा धंद्यातला एक नियम होता. दोन आकडे भांडायला लागले की ज्याच्यावर कुणीच शंका घेत नाही, तो तिसरा आधी उघडून बघायचा.

"प्रज्योत, तुझं रक्त पुन्हा तपासलं?"

"कशाला? एकदा झालंय की."

"हॉस्पिटलनं मागितलं असेल."

"मागितलं. मला सुयांची भीती वाटते."

"जयंतीचं रक्तदान शिबिर तर तूच भरवतोस."

"भरवतो. देणारे देतात, मी सरबत वाटतो."

"त्यानं काहून टोचून घ्यायचं?" कुसुमबाई मध्ये पडल्या. "पाप कोणाचं, परीक्षा कोणाची. याचं नशीबच तसं बाप्पा. आधी अमरावतीची सोयरीक जमली होती. तिकडच्यांनी दोघांचं रक्त तपासलं न् मोडली. मले कारणही सांगितलं नाही."

"मग कुणाला सांगितलं?"

"यालेच आला होता फोन."

प्रज्योतनं खिडकीचा पडदा उगाच सारखा केला.

मेधा श्रावस्तीकडे वळली. "क्लिनिकात कोण कोण गेलं होतं?"

"मी, हा, आणि याचा मित्र. गौरवभाऊजी. त्यांची गाडी होती. पुरुषांची खोली वेगळी, म्हणून मी बाहेर बसले. नंतर खालीच पुरी-भाजी खाल्ली."

"कोण कसं खात होतं?"

"मेधाताई, आता पुरीचंही ऑडिट?" प्रज्योत हसला.

"हो. सांग गं."

"हा पुऱ्यांवर तुटून पडला होता. भाऊजी मात्र एक कोपर दुमडून बसले होते. मी चिडवलं, काखेत काय लपवलंय? तर लाजले."

"गौरवचा रक्तगट काय रे, प्रज्योत?"



"ओ," कुसुमबाईंनीच सांगितलं. "दर जयंतीला देतो बिचारा." आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्या लेकाकडे बघत राहिल्या.

"आता माझा हिशेब ऐका," मेधा म्हणाली. "नवऱ्याला बायकोचा संशय आला, तर तो धावत जाऊन स्वतःचं रक्त देतो. त्याचा पुरावाच तो. हा मात्र हात लपवतोय. सुयांची भीती म्हणे. मग ते चक्र काय पेनानं काढलंय? आपण वाहक आहोत, हे याला अमरावतीच्या फोनवरच कळलं. श्रावस्तीनं आपलं खरं सांगितलेलं. यानंही सांगितलं असतं, तर हे लग्नही मोडलं असतं. म्हणून क्लिनिकात ओळखीचं कार्ड दाखवलं यानं आणि सुईपुढे हात धरला गौरवनं; नंतर तो कोपर दुमडून बसला होता, तो टोचल्या जागी कापूस दाबून. निर्दोष रक्त गौरवचं, ओ गटही गौरवचा. काकू, तुमच्या घरात दोन ओ कधी नव्हतेच."

"मेधाताई, काहीही काय..."

"चुकत असेन तर चल हॉस्पिटलात. बाही दुमडलेलीच आहे."

प्रज्योत सोफ्यावर बसला.

"चार मुलांत एखाद्यालाच होतो म्हणतात," तो शेवटी पुटपुटला. "मला वाटलं, निभेल."

"जुगार तू खेळलास. हरल्यावर बिल बायकोच्या नावावर फाडलंस."

"स्पृहा तुझी आहे, हे तुला ठाऊक होतं?" श्रावस्तीनं विचारलं.

"होतं."

"आई मला कुलटा म्हणाल्या, तेव्हाही?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

कुसुमबाईंनी पदर सावरला. "झालं ते झालं. घरातली गोष्ट घरातच राहू दे, मेधा." सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही.

"श्रावस्ती, माफ कर," प्रज्योत म्हणाला. "जाऊ नकोस."

श्रावस्तीनं झोपलेल्या पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "जात नाहीच. हिचे डॉक्टर इथे आहेत. हिला जरा ताप आला तरी तडक हॉस्पिटल गाठायचं असतं, आणि मला गाडी येत नाही."

"मी आहे ना."

"म्हणून तर तू राहा," ती म्हणाली. "मला लायसन्स मिळेपर्यंत."