आधी पानं मोजायची

"वही हातात घेतली की आधी पानं मोजायची, बेबी. नाव मंग वाचायचं. नाव कोणीबी लिहितं."

कॉलेजच्या भांडारात रुजू झाल्या दिवशी शंकररावांनी बेबीताईंना हे सांगितलं होतं. शंकरराव जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांची खुर्ची, त्यांच्या किल्ल्या आणि त्यांचा आवाज तेवढा बेबीताईंकडे राहिला. त्या सकाळी मात्र तो आवाज वेळेवर आठवला नाही.

साडेनऊ वाजले होते. संकष्टी होती. बेबीताईंनी भांडारातल्या गणपतीच्या तसबिरीला दूर्वा वाहिल्या, हात जोडले, तोच दारात समता येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"ताई, माहं जर्नल नाही."

प्रॅक्टिकल परीक्षा अकराला होती. सह्या झालेलं जर्नल टेबलावर नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, हा नियम सगळ्यांनाच पाठ होता. बाहेरचे परीक्षक अमरावतीहून निघालेही होते.

समता अडतीस वर्षांची. मलकापुरातल्याच एका खासगी लॅबमध्ये ती चौदा वर्षं रक्त-लघवी तपासत आली होती. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी तिच्याकडे होतीच. पण लॅब टेक्नॉलॉजीची पदवी असलेलाच माणूस जूनपासून ठेवीन, असं मालकाने तोंडावर सांगितलं, आणि तिने जवळजवळ त्याच विषयाची दुसरी पदवी घ्यायला नाव घातलं. वर्गातली पोरं तिला मावशी म्हणत. घरात अंथरुणाला खिळलेली आई आणि कमावती ही एकटी. मालकाने दिलेला तो जून पुढच्या महिन्यात होता.

"काल देलं होतं ना तू?"

"चार वाजता. गोविंदाभाऊच्या हातात. रजिस्टरात सही हाय माही."

"गठ्ठ्यात पाह्यलं नीट?"

"दोनदा. एकेक नाव वाचलं." ती दाराच्या चौकटीला टेकली. "ताई, पुन्हा लिहाले वेळ नाही. सोळाच प्रयोग हायेत माहे, तरी दीड तासात कसे होतील? अन् सह्या कुठून आणू?"

बेबीताईंनी तिला पाणी दिलं. स्वतः त्या संकष्टीला दिवा लागेपर्यंत पाणी घेत नसत.

प्रयोगशाळेचा शिपाई गोविंदा कपाटासमोर घामाघूम होऊन उभा होता. वर्गात बावीस जण. काल संध्याकाळपर्यंत एकवीस जर्नलं जमा झाली होती, आज सकाळी नऊला बाविसावं आलं. कपाटात मात्र एकवीसच. विभागप्रमुख जयमाला मॅडमनी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिल्या पानावरच्या सर्टिफिकेटांवर एका बैठकीत सह्या ठोकल्या होत्या. त्यांनीही मोजली नव्हती.

"काल चारनंतर इथं कोण आलं, गोविंदाभाऊ?"

"धम्मरत्न आला. स्केल विसरला होता."

"अजून?"

"सुचिता. सर्टिफिकेटचं अन् अनुक्रमणिकेचं कोरं पान पाह्यजे म्हणे, तिच्या पानांवर शाई सांडली. डिंकाची बाटलीबी मागितली. तिचंच जर्नल राह्यलं होतं, ते सकाळी आणून देलं तिनं."

"कपाटाची किल्ली?"

"खिळ्याले होती." त्याने मान खाली घातली. "मी पाच मिनिटं चहाले गेलो होतो, ताई. माही नोकरी जाईन का?"

बेबीताईंनी आधी धम्मरत्नला बोलावलं. मावशी, एक डिग्री पुरत नाही का, आमची जागा काऊन अडवली, असं तो भर वर्गात म्हणाला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

तो चिडला नाही. "बोललो होतो. पण मावशीच्या आकृत्या पाहूनच तं म्या माह्या काढल्या. काही अडलं तं कोणाले विचारू मी? तुमाले का? तुमी तं बाटल्या मोजता."

बेबीताई हसल्या. हे पोरगं चोर नव्हतं. पण घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि पायऱ्यांवर बसलेली समता आता रडतही नव्हती. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून ती समोर बघत होती. देवा, काहीतरी सुचव, असं बेबीताई मनात म्हणाल्या.

बाटल्या मोजता.

त्या वळल्या, गठ्ठा भांडारात आणला आणि दार लोटून घेतलं. नावांच्या चिठ्ठ्यांवर त्यांनी नजरही टाकली नाही. एकेक जर्नल उघडून प्रयोग मोजले. चोवीस. चोवीस. चोवीस. चौदाव्या जर्नलापाशी बोट थांबलं. पुन्हा मोजलं.

मग त्यांनी सुचिताला बोलावलं.

सुचिता धामणगाव बढ्याहून रोज एसटीने येई. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेली, सासरच्या धाकात असलेली अबोल पोर. टेबलावरचं जर्नल पाहताच ती दाराशीच थबकली.

"बस. हे तुहं हाय?"

"नाव तं माहंच हाय."

"नाव हाय. अनुक्रमणिकेत चोवीस प्रयोगबी हायेत. आत किती हायेत, सुचिता?"

सुचिताने काखेतली पिशवी घट्ट धरली.

"खरं सांग. जे होईन ते होईन, पण तुह्या घरी मी तुह्यासंगं येईन. तुले एकटीले पाठवणार नाही. हा माहा शब्द."

सुचिता खाली बसली. भिंतीला डोकं टेकून, तोंडावर पदर दाबून रडली. मग तिने पिशवीतून चार घड्या घातलेली दोन पानं काढली. एका पानाचा कोपरा जळालेला होता.

साडेदहाला भांडारात मॅडम, समता आणि गोविंदा जमले. बेबीताई हळू आवाजात बोलल्या, जशा त्या पूजेची कहाणी सांगत.

"मॅडम, या वर्गात चोवीस प्रयोग सगळ्यांले हायेत. फक्त समताले सोळा. तिची पहिली पदवी सूक्ष्मजीवांची, म्हणून त्या विषयाचे आठ प्रयोग तिले माफ. दुसऱ्या कोणाकडंच आधीची पदवी नाही. मंग सोळा प्रयोगांचं जर्नल या वर्गात एकच असू शकते. त्याच्यावर नाव कोणाचंबी असो."

मॅडमनी जर्नल ओढून घेतलं आणि पानं चाळली.

"जर्नलात नाव फक्त कव्हरवर अन् पहिल्या पानावर असते. सर्टिफिकेट अन् अनुक्रमणिका, ही पहिली दोन पानं ब्लेडनं काढली, कोरी डिंकानं लावली, वरून नवं कव्हर घातलं. आतल्या सह्या खऱ्याच होत्या. सर्टिफिकेटवरची सही तेवढी राह्यली होती. ती आज सकाळी झाली."

मॅडमचा चेहरा उतरला. ती सही त्यांचीच होती.

"काल हिनं दोन कोरी पानं नेली, शाई सांडली म्हणून. पण ज्याच्यावर शाई सांडली ते जर्नल हिच्यापाशी नव्हतंच. ते गेल्या आठवड्यात भंगारवाल्याकडं गेलं."

"सासऱ्यानं देलं," सुचिता जमिनीकडे पाहत म्हणाली. "म्हणे वही भरली, आता काय काम तिचं. यंदा पास नाही झाली तं कॉलेज बंद, असंबी सासऱ्यानंच सांगितलं. मॅडमले सांगाची हिंमत नाही झाली. नाव न पाह्यता हाताले लागलं ते जर्नल उचललं मी. घरी गेल्यावर कळलं आठ प्रयोग कमी हायेत. मंग वाटलं, पाह्यते कोण?"

"अन् हे पान?" मॅडमनी जळका कोपरा उचलला.

"काडी लावली होती. तिचं नाव दिसलं अन् विझवली."

समता उठली. ती ओरडेल असं गोविंदाला वाटलं. तिने आपलं जर्नल छातीशी धरलं आणि सुचितासमोर उभी राहिली.

"मले सांगितलं असतं तं मी बसून तुले लिहू लागली असती, येडे."

मॅडमनी सुचिताचा कबुलीजबाब लिहून घेतला आणि तो प्राचार्यांकडे जाईल असं सांगितलं. आज बसता येणार नाही. ऑक्टोबरमध्ये प्राचार्य बसू देतील असं वाटतं, घरचे देत असतील तर, असंही त्या म्हणाल्या. समताची जुनी दोन पानं त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवली, बाजूला खुलासा लिहिला आणि या वेळी आत पाहून सही केली. अकराला समता सूक्ष्मदर्शकापाशी उभी होती. काचपट्टी तिने चौदा वर्षांच्या सवयीने धरली.

चार वाजता ती बाहेर आली. बेबीताईंना काही न सांगता तिने आपलं जर्नल त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"परीक्षकांनी परत देलं. सुचिताले द्या. पण आठ प्रयोग तिले तिचेच करा लागतीन."

बेबीताईंनी शेजारच्या जनकाबाईंना फोन करून आपल्या घरी देवापुढे दिवा लावायला सांगितलं. चंद्र आज धामणगावात उगवणार होता, तोवर पोटात काही जाणार नव्हतं. सुचिता सकाळपासून भांडाराबाहेरच्या बाकावर बसून होती. सासऱ्यापुढे काय बोलायचं, हे बेबीताईंना अजून नीट सुचलं नव्हतं.

कपाटातून त्यांनी एक नवं कोरं जर्नल काढलं. पानं मोजली. पुरी होती. ते समताच्या जर्नलाला जोडून पिशवीत ठेवलं, भांडाराला कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "चाल बाई, पाचची गाडी सापडन."