जातेबुवांची पट्टी

या, जरा जवळ सरकून बसा. लांब बसलात तर अर्धंच ऐकू येईल आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने जुळवाल. प्रेमाच्या गोष्टीत सगळे घोटाळे तिथेच होतात. एका मुलीची गोष्ट सांगते. गोष्ट मंदीतली आहे. रोज कुणाचं ना कुणाचं काम जात होतं, आणि माणसं एकमेकांना ‘कसं काय’ विचारायलाही बिचकत होती, त्या दिवसांतली. पण धीर धरा. देव ज्याला चोच देतो त्याला दाणाही देतो म्हणतात. फक्त दाणा कुठल्या अंगणात टाकलाय ते आधी सांगत नाही... तेवढी त्याची एक खोड.

तर ही मुलगी, घरी तिला तायडी म्हणत, दात बनवायची. खाली डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आणि वर, अरुंद जिन्याच्या टोकाला, तिची कामाची खोली. बाई खाली माणसांच्या जबड्यांचे ठसे घेत, तायडी वर त्यांत प्लास्टर ओतून साचे करी. फळीवर असे कितीतरी जबडे मांडलेले असायचे. नवखा माणूस दचकून मागे सरला असता. तायडीला मात्र ते शेजारपाजाऱ्यांसारखे वाटत.

मंदी आली तशी दातावर सोन्याची टोपी कुणी मागेना. कवळ्याही कमी झाल्या. लोक म्हणत, आहेत तेवढ्यांवर भागवू. बाईंना वाटलं, आता वरच्या खोलीला कुलूप लागतंय. झालं भलतंच. दिवसभर तोंड मिटून काळजी करणारी माणसं झोपेत दात खाऊ लागली. करकर, करकर... दात झिजू नयेत म्हणून झोपताना चढवायची एक पातळ, पारदर्शक पट्टी असते. तिला एवढी मागणी आली, की तायडीला मान वर करायला फुरसत मिळेना.

“लोकांच्या काळजीवर आपली चूल पेटतेय, बाई,” ती कुरकुरे.

“काळजी तू लावलीस का त्यांना? तू दात वाचवतेस. ओत प्लास्टर.”

फळीवर एक साचा होता, त्याच्या दाढा पाट्यासारख्या सपाट झालेल्या. त्याला तायडीने नाव ठेवलं होतं, जातेबुवा. रात्रभर दळण आणि पिठाचा पत्ता नाही. पुढचा एक दात मात्र किंचित वाकडा होता, हसू दाबून ठेवल्यासारखा. मान अवघडली की ती त्या दाताकडे बघायची. उगाच.

आणि घाईघाईत तिच्या हातून चूक झाली. दोन साचे शेजारी वाळत होते, दोघांच्या पट्ट्या तिने उलट्या डब्यांत भरल्या. जातेबुवांची पट्टी गेली बँकेतल्या एका काकूंकडे, आणि काकूंची जातेबुवांकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दारात एक उंच तरुण, तोंडावर हात धरून उभा.

“दॉत्तर जेवायला गेल्यात,” तो म्हणाला. “ही पत्ती... अदकली. निघत नाही.”

खरं तर रोग्याच्या तोंडाला हात लावणं तिचं काम नव्हे. पण त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. तिने त्याला खिडकीशी बसवलं, कपाळावरचा दिवा खाली ओढला, हात धुतले.

“आ करा. अजून... घाबरू नका, मी चावत नाही. चावायची सोय तुमच्याकडे आहे.”

तो हसला आणि त्याचा तो वाकडा दात दिसला.

“अगंबाई,” तिच्या तोंडून निसटलं, “जातेबुवा तुम्ही?”

पट्टी टपकन तिच्या तळहातावर पडली. तो जबडा चोळत राहिला, ती कानापर्यंत लाल झाली. मग नाव कुठून आलं ते सांगावंच लागलं. चूक आपली, हेही.

“म्हणजे मी इकडे एका काकूंचे दात घालून झोपलो होतो,” तो म्हणाला. “तरीच स्वप्नात नोटा मोजत होतो.”

“माफ करा हो.”

“माफ कसलं. तुम्ही मला न बघता दातांवरून ओळखता, आणि मी तुम्हाला बघूनही ओळखत नाही. हा मात्र अन्याय झाला.” त्याने तिच्या कपाळाकडे बघितलं. “एक सांगू? भांग डावीकडे काढता म्हणून केस त्या दिव्याच्या पट्ट्यात अडकतात. उजवीकडे काढून बघा.”

“नाही चालत. बाबांना डावीकडेच लागतो.”

“भांगालासुद्धा नियम?”

“आमच्याकडे सगळ्याला नियम आहे.”

तो मोठमोठ्या दुकानांच्या दर्शनी काचा सजवायचा. पुतळ्यांना कपडे चढवायचे, गळ्याची घडी बसवायची, दिवा असा तिरका सोडायचा की रस्त्याने जाणारा माणूस थांबलाच पाहिजे. मंदीत दुकानं मिटली आणि काचांवर वर्तमानपत्रं चिकटली.

“पुतळ्याची कॉलर मी अशी बसवतो की बघत राहाल,” तो म्हणाला. “पण भुकेल्या गावात कॉलर कोण बघतं?”

हे तो हसत म्हणाला. पण जबडा करकर वाजला, आणि तो आवाज तिला साच्यावरून पाठ होता.

मग तो येऊ लागला. कधी पट्टीची कड टोचते, कधी पट्टी सैल वाटते. तायडी कड घासून द्यायची, आणि पट्टीवरचे ताजे ओरखडे बघून तिला कळायचं, या आठवड्यात कितीजणांनी ‘कळवतो’ म्हणून बोळवण केली ते. एकदा बाहेर पाऊस लागला. पट्टीचं काम होऊनही तो खिडकीशी थांबला, काचेवरच्या थेंबांतून बोट फिरवत.

“छत्री नाही?” तिने विचारलं.

“आहे. पण ती उघडली की निघावं लागेल.”

  तायडी हातातली पट्टी, झालेली, गुळगुळीत झालेली पट्टी... पुन्हा घासू लागली.

आता तिच्या बाबांचं ऐका. बाबा गालिच्यांच्या कारखान्यात मुकादम होते. मागे अशीच एक मंदी आली तेव्हा कारखाना बुडाला आणि दुसऱ्या वर्षी तायडीची आई गेली. तेव्हापासून बाबांनी एक गोष्ट धरून ठेवली होती. जेवताना ते डाव्या हाताची चार बोटं उभी करत.

“दात, नळ, औषध आणि मढं. या चार गोष्टींना मंदी नाही, तायडे. गालिचा पायाखाली असतो. मंदीत आधी पायाखालचंच ओढतात.”

दातांचं काम तिला शिकवलं ते याच हिशेबाने. आणि जावईही याच चार बोटांतला हवा, हे ठरलेलं.

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, तो दुरुस्त करायला आलेला नळवाला बाबांना फारच आवडला. त्यांनी त्याला पुढच्या रविवारी चहाला बोलावलं. माणूस भला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या खिशात दोन फोन आणि दोन्ही वाजत होते. “हो काकू, मुख्य कॉक बंद करा... नाही, तो नाही, त्याच्या खालचा.” कप ओठाला लागायच्या आत तिसऱ्यांदा फोन आला, आणि तो चहा तसाच ठेवून पळाला.

“बघितलंस?” बाबांचा चेहरा फुलला. “चहा प्यायला उसंत नाही. याला म्हणतात धंदा.”

“बाबा, त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.”

“बघेल की. लग्नानंतर बघेल.” मग आवाज उतरवून म्हणाले, “येत्या रविवारी मी त्याला उत्तर देतो म्हणालोय. तायडे, तुझी आई आजारी होती तेव्हा माझ्या हाताला काम नव्हतं. ते दिवस मी पाहिलेत. तू पाहू नयेस... एवढंच मागणं आहे माझं.”

 रागावलेल्या बापाशी भांडता येतं. घाबरलेल्या बापाशी नाही भांडता येत.

सोमवारी ती कामावर गेली. जातेबुवा आले नाहीत. मंगळवारीही नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की तिचा हात थांबे, आणि दारात उभे असत कुणीतरी गालाला हात लावलेले आजोबा. बुधवारी प्लास्टर हातातच गोठलं, वाटी फोडून काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तर तिचाच जबडा ठणकत होता.

“आ कर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दिवा आत धरला. “अगं, तूसुद्धा? घे, स्वतःचा ठसा घे. पट्ट्या करणारीनेच दात खाल्ले तर कसं व्हायचं?”

तिने ठसा घेतला, साचा ओतला. वाळत ठेवायला फळीवर जागा एकच होती, जातेबुवांच्या शेजारी. तिथे ठेवला आणि मग कितीतरी वेळ तिकडे पाठ करून बसली.

शनिवारी, काम आवरता आवरता, तो आला. धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले. नुसता डबा पुढे केला.

तिने पट्टी उजेडात धरली. फिरवली. पुन्हा फिरवली. एकही नवा ओरखडा नव्हता.

“झोप लागते तुम्हाला,” ती हळूच म्हणाली.

“लागते.”

“काम मिळालं.”

“मिळालं...” तो फळीकडे वळला. “हे शेजारचे कोण?”

“आहे कुणीतरी. काम कुठलं?”

“हसरे दात आहेत. कुणाचे?”

“काम कुठलं, म्हणते मी.”

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान मूल मळके हात लपवतं ना, तसे.

“गेलेल्या माणसांना नीट करतो. शेवटच्या दर्शनासाठी ठेवतात, त्या खोलीत. तोंड पुसायचं, केस विंचरायचे, कपडे चढवायचे. दिवा थोडा तिरका सोडायचा... म्हणजे घरच्यांना माणूस झोपल्यासारखं दिसतं.” त्याची नजर डब्यावर गेली. “आठवडाभर यावं यावं म्हणत होतो, जिन्यापर्यंत येऊन दोनदा परत गेलो. वाटलं, या हातांनी दिलेला डबा तुम्ही घ्याल की नाही.”

तायडीने डबा बाजूला ठेवला. मग त्याचे हात पाठीमागून पुढे ओढून घेतले. तिच्या बोटांवर प्लास्टर होतं, ते त्याच्या बोटांना लागलं.

“शेजारचे दात माझे आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही आला नाहीत, म्हणून झिजले.”

 मग तो वाकडा दात दिसला, आता काही न दाबता.

“मग त्या काकूंसारखी अदलाबदल नको,” तो म्हणाला. “दोघांचे डबे एकाच घरात ठेवू. चालेल?”

“मला चालेल. पण रविवार उद्या आहे. बाबांना चार बोटं आहेत.”

रविवारी नळवाला यायच्या आधी तायडी त्याला घेऊन घरी गेली. बाबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काम काय ते विचारलं. त्याने सांगितलं. बाबांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“तायडे, जरा आत ये.”

“इथेच बोला, बाबा. तुमच्या चार बोटांतलंच एक आहे.”

“ते बोलण्यापुरतं, गं. माणूस बोटं मोजतो तेव्हा हात कुठे घालतो त्यात? त्या हातांनी तुला जेवायला वाढणार तो.”

तो तरुण उठला. रागावला नाही. “मी समजू शकतो,” म्हणाला आणि चपला घालू लागला.  दाराची कडी त्याच्या हातात होती. आणि बाबांनी, कुणाकडेच न बघता, विचारलं,

“केसांचा भांग... कुठल्या बाजूला काढायचा, ते कसं कळतं तुम्हाला?”

तो वळला. “घरच्यांना विचारतो. कुणाच्याने बोलवत नसेल तर फोटो मागतो. न विचारता नाही काढत, काका. भांग चुकला की माणूस परका दिसतो.”

बाबा खाली बसले. तांब्यातलं पाणी थोडं सांडलं, त्यांनी ते पुसलं नाही.

“हिच्या आईचा डावीकडे होता,” ते म्हणाले. “शेवटची तयारी करणाऱ्यांनी उजवीकडे काढला होता. मी बघत होतो... आणि माझ्याने सांगवलं नाही. एवढ्या गर्दीत भांगाचं काय बोलायचं, वाटलं. शेवटचं बघितलं, तेव्हा ती माझी वाटलीच नाही.”

तायडीचा हात आपल्या केसांवर गेला. लहानपणापासून रोज सकाळी, शाळेला जाताना, कामाला जाताना, बाबा दारात अडवून भांग बघायचे आणि ती चिडायची. आज तिला कळलं.

तो परत येऊन बाबांच्या समोर खालीच बसला.  फडकं घेऊन सांडलेलं पाणी तेवढं पुसलं. बाबा त्या हातांकडे बघत होते.

मग ते म्हणाले, “तायडे, चहा टाक. तीन कप.” आणि लगेच, “नळवाल्याला मीच फोन करतो. तसाही त्याचा एक फोन व्यस्त आणि दुसरा बंदच असेल.”

चहा झाला. कप त्या तरुणाने उचलून बाबांच्या हातात दिला, आणि बाबांनी तो घेतला. बोटाला बोट लागलं, तरी घेतला.

मंदी पुढेही बरीच रेंगाळली. तायडीच्या फळीवर साचे वाढतच होते. त्यांत दोन साचे मात्र शेजारी शेजारी तसेच राहिले, नुसते धूळ खात. त्यांच्यावर नवी पट्टी करायची वेळच आली नाही.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी माझं एवढं ऐका. दोघं सुखात आहेत, त्यांची काळजी नको. पण उद्या सकाळी आरशासमोर फणी हातात घ्याल, तेव्हा तायडीच्या आईची, त्या डावीकडे भांग काढणाऱ्या बाईची, क्षणभर आठवण काढा. कुणीतरी तिला, ती होती तशी, नीट आठवायचं राहून गेलं होतं.