तास चौदा, झाड नऊ

अमडापूरच्या रंगरावकाकांकडे मी पहिल्यांदा गेलो तो राउटरसाठी. २०१७ चा ऑक्टोबर होता. बुलढाण्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चिखलीमार्गे मोटरसायकलनं जाऊन खेड्यांतली कामंही मी घेतो.

काका शाळेतून निवृत्त झालेले. घराला लागूनच चार एकर बीटी कपाशी. त्यांची मुलगी प्राची पुण्यात कपाशीच्या किडींवर अभ्यास करत होती. त्या साली गुलाबी बोंडअळीनं, अळी लागू नये म्हणून काढलेल्या बीटीलाही जुमानलं नव्हतं. ही अळी कोवळ्या बोंडात शिरते, मागचं छिद्र बुजून जातं आणि बोंड हिरवंगार, धडधाकट दिसत राहतं. फोडल्याशिवाय कळत नाही. काका रोज थोडी बोंडं फोडून अळ्या मोजत आणि अन्नपूर्णाकाकू ते आकडे कॉम्प्युटरवर भरत. प्राचीला पुण्यात बसून हाच कॉम्प्युटर वापरायचा होता.

काम साधं होतं. कॉम्प्युटरला घरातला एक कायमचा पत्ता दिला, शेवटचा आकडा दोन. मग राउटरमध्ये बाहेरून एक वाट उघडून ती त्या पत्त्याकडे वळवली. पासवर्ड घातला. प्राचीनं पुण्याहून जोडून पाहिलं, तेव्हा इथल्या पडद्याला आपोआप कुलूप लागलं.

“म्हणजे पोरगी बसली की मले उठा लागंन,” काकू हसल्या.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. “अकील, प्राची रोज दुपारी तीनले बसून राह्यली. घंटाभर उठत नाही. मी आकडे कवा भरू?”

मी प्राचीला विचारलं. ती म्हणाली, “अकीलभाऊ, मी सोमवारपासून उघडलंच नाही.”

बाहेरचा कोणी घुसला असेल, असं मी धरून चाललो. उघड्या वाटा शोधणारे लोक असतातच. दुसऱ्या दिवशी जाऊन कॉम्प्युटरमधल्या नोंदी पाहिल्या. रोज तीन ते चार कोणीतरी बरोबर पासवर्ड टाकून आत येत होतं. पण पत्ता बाहेरचा नव्हता. घरातलाच होता, शेवटचा आकडा सात. राउटरनं सात हा आकडा कुणालाच दिलेला नव्हता. घरात दुसरं यंत्रही नव्हतं. दोघांकडे बटणांचे साधे फोन.

मी पासवर्ड बदलला. बाहेरची वाट बंद केली. टेलिफोनची तारसुद्धा काढून ठेवली.

तीन वाजता पडद्याला कुलूप लागलं.

चारला ते उघडलं तेव्हा प्राचीच्या तक्त्यात नव्या ओळी होत्या. आमच्याकडे कपाशीच्या रांगेला तास म्हणतात. पहिली ओळ होती : तास १४, झाड ९, बोंड ३, अळ्या २. अशा चाळीस.

“पाहून तर येऊ,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. माझ्याही मनात नव्हती. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

चौदावा तास, नववं झाड. तिसरं बोंड काकांनी तोडून नखानं चारी बाजूंनी चाचपलं. कुठंही छिद्र नव्हतं. विळ्यानं चिरलं. आत दोन अळ्या, गुलाबी, वळवळत होत्या.

आम्ही दहा बोंडं फोडली. दहाही आकडे बरोबर निघाले. जिथं शून्य लिहिलं होतं, तिथं कापूस पांढराशुभ्र होता.

“बाहेरून दिसत नाही, मंग मोजलं कोणं?” काका म्हणाले. मग स्वतःशीच म्हणाले, “कोणी का असेना. आपलं काम करून राह्यला.”

काकांनी त्या यादीवरून किडकी बोंडं तोडून जाळायला सुरुवात केली. शेजारच्या हिंमतरावांच्या शेतात नांगर फिरला, काकांची कपाशी उभी राहिली. मी दुकान बंद ठेवून दर दोन दिवसांनी तिकडं जाऊ लागलो. मला फक्त त्याला लिहिताना पाहायचं होतं. शेवटी मी असा प्रोग्राम बसवला की पडद्याला कुलूप न लागता सगळं समोर दिसावं.

त्या दुपारी आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं. तीनला माउसचा बाण आपोआप हलला. तक्ता उघडला. एकेक अक्षर येऊ लागलं, सावकाश, एकही चूक न करता.

मी हात पुढं करून एका रिकाम्या चौकटीत लिहिलं : कोण?

बाण थांबला. त्या चौकटीवर आला. माझी अक्षरं पुसली आणि पुढची ओळ सुरू केली.

काकू उठून आत गेल्या. तेवढ्यात पडद्यावर उमटलं : स्वयंपाकघर, बोंड १, अळ्या ३.

काकू दारात आल्या. त्यांच्या मुठीत एक हिरवं बोंड होतं. “सकाळीच आणून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “पाहा म्हटलं, दिसते का त्याले.”

काकांनी बोंड चिरलं. तीन.



बाणानं तक्त्यात नवं पान उघडलं. त्याला नाव दिलं : घर.

रंगराव, ०.

अन्नपूर्णा, ०.

अकील, १.

मी राउटरची पिन उपसली. काकांच्या हातात विळा होता. त्यांनी माझ्याकडं न बघता तो खाली ठेवला.

“घरी जाय बापा,” काकू हळूच म्हणाल्या.

राउटर मी सोबत घेऊन आलो. तो पुन्हा कुठंच लावला नाही. काकूंनी कॉम्प्युटर गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला. बुलढाण्यात मी रक्त तपासून घेतलं, एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात. जेवण जातं, झोप लागते. महिनाभरात मी ते बरंचसं विसरलोही.

काल सकाळी दुकान उघडत होतो, तेवढ्यात प्राचीचा फोन आला. घरच्या तक्त्याची एक प्रत तिनं बाहेरची वाट बंद होण्याआधीच स्वतःकडं उतरवून घेतली होती. अभ्यास संपवायचा म्हणून ती नको असलेली पानं काढत होती.

“अकीलभाऊ, ‘घर’ नावाचं एक पान निघालंय, मी उतरवलं तेव्हा नव्हतं. त्यावर तुमचं नाव आहे. पुढं चार लिहिलंय. ते कशाचे?”

मी म्हणालो, “काही नाही. पुसून टाक.”

बटणं दाबल्याचा आवाज आला. 

“पुसलं,” ती म्हणाली. “आता पाच आलंय.”